एकतीस नंबरची जर्सी

शनिवार, १७ ऑगस्ट

ऐन हिवाळा, पाय गोठलेत. गरम पाण्याची पिशवी मांडीवर घेऊन लिहितेय.

आज फुटबॉल, टारविट विरुद्ध लोचबर, टारविटच्या मैदानावर. वारा असा की पश्चिमेच्या गोलाकडे मारलेला चेंडू थेट मोटारींच्या रांगेत. आणि गोल झाला की प्रत्येक मोटारीचा हॉर्न! तिसऱ्या क्वार्टरला माझी शिट्टी मलाच ऐकू येईना.

इवान ट्रेगेन्झा काय खेळला आज. चौतिशीचा फुलबॅक, गोलासमोरचा शेवटचा बचावपटू, गुडघे दोन्ही कामातून गेलेले. लोचबरचा तो उंच पोरगा दर शनिवारी सहा-सात गोल ठोकतो, त्याला आज एक मिळाला. एकच! दुसऱ्या क्वार्टरला इवानची भुवई फुटली. रक्त दिसलं की बाहेर, नियम म्हणजे नियम, मीच पाठवला. पट्टी बांधून आणि नेव्ह पॅस्कोची जर्सी घालून परत आला, कारण त्याची स्वतःची रक्ताने भरली होती. नेव्ह त्यांच्या क्लबचा अध्यक्ष. माणसं कमी पडली म्हणून पंचेचाळिसाव्या वर्षी उतरला आणि पाच मिनिटांत मांडी धरून बाकावर गेला. तिथे बर्फ लावून बसलेल्या माणसाला जर्सी हवीय कशाला.

मग आमची खोली. दार बंद, आत डेस आणि मी, दोघं अंपायर. क्लबचं बक्षीस कोच ठरवतो, पेपरचं पेपरवाला ठरवतो, पण लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचं हॅलोरन पदक अंपायरांच्या हातात. त्या दिवशी सगळ्यांत चांगला खेळला त्याला तीन मतं, मग दोन, मग एक. मोसमात ज्याच्यावर तक्रार झाली तो बाद. इवानवर चौदा वर्षांत एकदाही झालेली नाही.

"लोचबरच्या कोडीला तीन देऊ," डेस म्हणाला. "दिवसभर चेंडूवर होता."

"दिवसभर आपल्या नाकासमोर होता म्हण. आपण मधे धावतो म्हणून आपल्याला मधलेच दिसतात. फुलबॅककडे कायम आपली पाठ."

"बरं बाई, तुझं खरं. सांग नंबर, लिहितो."

कोडीला शेवटी एक दिलं. मी बुटाच्या नाड्या सोडत सांगत गेले, त्याने लिहिलं. चिखलाने गाठी दगड झाल्या होत्या. एका हातात सॉसेज रोल, दुसऱ्या हाताने सही ठोकली. डेसने पाकिटाला जीभ लावली आणि त्याचं नेहमीचं वाक्य म्हणाला, "झालं. आता आपण काही पाहिलंच नाही." तीस वर्षं हेच म्हणतोय. पाकीट चिकटलं की मतांबद्दल चकार शब्द नाही, बायकोजवळसुद्धा नाही. ते मग लीगच्या व्हॅल्डाबाईंच्या पेटीत जातं आणि मोसम संपल्यावर सगळ्यांसमोर उघडतं.

इवानला तीन. इथेही लिहायला नको खरं तर. पण ही वही वाचतंय कोण.

रविवार, १८ ऑगस्ट

मोजे वाळत घालताना आठवलं. मी डेसला काय सांगितलं?

"तीन — एकतीस."

इवानचा नंबर सत्तावीस. एकतीस नेव्हचा! पण शेवटपर्यंत माझ्यासमोर जी पाठ धावत होती तिच्यावर एकतीस होता. अंपायर पाठ वाचतो, तोंड नाही. इतक्या वर्षांची सवय.

म्हणजे कालच्या सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू कोण, तर नेव्ह पॅस्को. बाकावर बसून, मांडीवर बर्फ ठेवून.

आधी हसू आलं. मग थांबलं.

सोमवार, १९ ऑगस्ट

मी चालवते त्या शाळेच्या बसचं मागचं चाक बसलं. गावात टायरचं दुकान एकच, इवानचं.

"या अंपायरबाई! टायरला पण शिट्टी मारणार का?" भुवईवर टाके, डोळा काळानिळा, तरी तोंड चालूच.

पेपरच्या यादीत तो यंदा पहिला आहे. मी म्हटलं, अभिनंदन. तर म्हणे, "पेपरवाल्याने चारही टायर माझ्याकडून घेतलेत. पहिला नंबर न देऊन जातोय कुठे." मग चाक फिरवता फिरवता म्हणाला, "पदकाचं वेगळं आहे. तुम्ही लोक कधी वळून बघता आमच्याकडे?"

पुढच्या वर्षी टारविट क्लब राहत नाही. खेळायला माणसंच नाहीत, लोचबरमध्ये मिसळणार. जर्सीही जाणार. क्लबच्या भिंतीवर नेव्हच्या वडिलांनी एक खिळा ठोकून ठेवलाय — टारविटचा पहिला माणूस पदक जिंकेल त्याच्या फोटोसाठी. तो खिळा अजून मोकळाच आहे. "मी त्यावर टोपी अडकवतो," इवान म्हणाला. "निदान काहीतरी लटकलेलं दिसावं."

हसला. पण त्याला ते हवंय. दिसतं ते. आणि मी त्याची तीन मतं नेव्हच्या नावावर घालून बसलेय.

बुधवार, २१ ऑगस्ट

जेवण ठीक. झोप ठीक. बाकी ठीक नाही.

शनिवार, २४ ऑगस्ट

साखळीचा शेवटचा शनिवार. आम्ही उत्तरेला होतो, जायला-यायला डेसची गाडी. येताना धीर केला.

"डेस, गेल्या शनिवारी मी नंबर—"

"पाकीट बंद झालंय, ग्लेन."

"तेच सांगतेय ना, मी चुकीचा—"

"कुठलं पाकीट? मला काही आठवत नाही." आणि रेडिओ मोठा केला.

धान्याचा सायलो मागे पडल्यावर त्याने तो पुन्हा बारीक केला. म्हणाला, "सोडून दे. मी सांगतोय ना, सोडून दे."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. राग आला. माणसाचं सोवळं किती कडक असावं! कुणाचं नुकसान झालं तरी चालेल, याची जीभ नको विटाळायला. त्याला कोडी पहिल्यापासून आवडतो, हेही मनात येऊन गेलं.

गुरुवार, २९ ऑगस्ट

नीट विचार केला.

गप्प बसले, तर मतं नेव्हची. कार्डावर आहे ते आहे. मोजणीच्या रात्री कुणी बदलत नाही. सांगितलं, तर फार तर व्हॅल्डाबाई ओरडतील. कदाचित दुरुस्तही करतील. इवानचं आणखी काय जाणार? जे गेलंय ते पुन्हा जात नाही.

सोमवार, २ सप्टेंबर

व्हॅल्डाबाईंकडे गेले. लीगच्या सेक्रेटरी, वय एकोणऐंशी. पेटी शिवणयंत्राखाली ठेवतात आणि किल्ली गळ्यात. चहा केला, स्कोन पुढे ठेवले.

"मतांबद्दल बोलायचंय," मी म्हटलं.

त्यांनी हातातली सुरी खाली ठेवली. "ग्लेनिस, विचार करून बोल. मी एकदा ऐकलं की ऐकलं."

मी बोलले. जर्सी, रक्त, एकतीस, सत्तावीस, सगळं.

त्यांनी मग उठून नियमांची पुस्तिका आणली, चष्मा लावला, आणि मला वाचायला न देता स्वतःच वाचलं. मोजणीआधी अंपायरने मतं उघड केली तर त्या सामन्याची मतं धरायची नाहीत. पाकीट उघडायचंही नाही.

"दुरुस्त नाही करता येत?"

"पोरी, आज तू इवानसाठी आलीस. उद्या दुसरा कुणी स्वतःच्या भाच्यासाठी येईल. मी दोघांना वेगळं कसं ओळखू?"

त्यांचं बरोबर आहे. वाईट वाटलं, पण हलकंही वाटलं. निदान नेव्हच्या नावाने हशा होणार नाही. येताना त्यांनी उरलेले स्कोन बांधून दिले.

बुधवार, ४ सप्टेंबर

डेसला सांगितलं नाही. तो म्हणणार, कुठलं पाकीट.

सोमवार, ९ सप्टेंबर

मोजणी झाली. लोचबरचा हॉल, कोकराचं मटण, भाजलेले बटाटे, वर गोड म्हणून पावलोव्हा. इवानने टाय बांधला होता. त्याच्या बायकोने बांधला असणार, तो सारखा गळ्याशी बोट घालत होता. शेजारी नेव्ह, काठी घेऊन.

व्हॅल्डाबाई एकेक पाकीट फोडत वाचत होत्या. मला वाटलं होतं फुलबॅकला काय मिळणार. पण इतरांनीही वळून बघितलं होतं की! तीन, दोन, पुन्हा तीन. निम्मं झालं तेव्हा इवान आणि कोडी बरोबरीत. टारविटच्या टेबलावर कुणी जेवेना.

मग तो शनिवार. "टारविट विरुद्ध लोचबर. या सामन्याची मतं धरलेली नाहीत." एवढंच. कारण नाही. हॉलमध्ये कुजबुज. डेस पलीकडच्या टेबलावर होता, त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी ताटात पाहिलं.

शेवटी कोडी एकवीस, इवान वीस.

इवान सगळ्यांच्या आधी उठला, कोडीचा हात धरला, काहीतरी बोलून त्याला हसवलं. परत येऊन टाय सोडला आणि खिशात घातला.

दारात नेव्हने गाठलं. "आमचा सामना कुठे गेला, ग्लेनिस?"

"नियम," मी म्हटलं.

"इवान त्या दिवशी कसा खेळला, तू बघितलंस ना?"

"बघितलं."

घरी येताना स्वतःला समजावलं. ती मतं त्याला मिळणारच नव्हती. नेव्हची झाली असती. माझ्या बोलण्याने इवानचं एकही कमी झालेलं नाही. चूक आधीच झाली होती, नंतर मी निदान खरं बोलले.

बुधवार, ११ सप्टेंबर

डेस आला होता. आत आला नाही, पायरीवरच उभा, टोपी हातात.

"मोजणी झाली. आता बोलता येतं," म्हणाला. "तू एकतीस म्हणालीस. मी सत्तावीस लिहिलं. तू कुणाबद्दल बोलतेयस ते मला कळत नव्हतं का?"

त्याने टोपी डोक्यावर घातली.

"सही करताना तू वाचलंस, असं मी धरून चाललो," म्हणाला आणि गेला.

तीन आणि वीस, तेवीस. कोडी एकवीस आणि एक, बावीस.

उद्या इवानचं दुकान उघडलं की जायचं. तोंडावर सांगायचं.