सगळं ऑइल काढा

४ नोव्हें., मंगळ.
आज पुन्हा तेच. पी मधून डी मध्ये टाकलं की गाडी आधी विचार करते, मग हिसका देऊन निघते. मला क्लच जमेना म्हणून यांनी हौसेने ऑटोमॅटिक घेतली होती. चौदा वर्षं झाली. एक लाख शहाऐंशी हजार कि.मी. घरात एका वेळी एकच म्हातारपण पुरे होतं.
अंधार आता पाचलाच पडतो. पाच वाजले की हे चपला घालून दारात. "नलू, चल, घरी जाऊ." घरातच आहोत म्हटलं की चिडतात. गाडीत घालून तारातलापर्यंत नेऊन आणलं की शांत. बेहालाच्या आमच्या याच दाराशी उतरून म्हणतात, "आलो बाबा एकदाचे." मग जेवतात, झोपतात. डॉक्टरांच्या गोळीने होत नाही ते पाऊण तासात होतं.

६ नोव्हें., गुरु.
मुक्ताचा बंगळूरहून फोन. "आई, गाडी विकून टाक ना. बाबासाठी कॅब बोलव." लेक इथे बंगाल्यांतच वाढली, मराठी अशीच. कॅबचं करून झालंय, ऑगस्टमध्ये. स्टिअरिंगवर अनोळखी माणूस बघून हे सिग्नललाच दार उघडून उतरले. भर डायमंड हार्बर रोडवर मी यांच्यामागे धावले. पुन्हा नाही.

७ नोव्हें., शुक्र.
गाडी घेऊन तपनदाच्या गॅरेजमध्ये. यांनाही न्यावं लागलं, एकटं ठेवता येत नाही. तपनदाने डिपस्टिक काढली, ऑइल बोटावर घेतलं, हुंगलं. काळं, जळकट. "बौदी, ये कभी बदला नहीं?" बौदी म्हणजे वहिनी, इथे सगळ्यांची मी तीच. गिअरबॉक्सचंही ऑइल बदलतात हे मला आज कळलं. ते खातं यांचं होतं.
तो म्हणाला, इतक्या चाललेल्या गाडीचं सगळं ऑइल एकदम काढलं तर गाडी बसायची. तीन लिटर काढू, तेवढंच नवं घालू. महिन्याने परत तेवढंच. "आस्ते आस्ते, बौदी."
आणि हे मागून पुढे आले. हात पाठीशी बांधून, कारखान्यात उभे राहायचे तसे. "आधा काम मत करो. मशीन लगाव. सगळं ऑइल काढा, फिल्टर बदला." अर्धी हिंदी, अर्धं मराठी, पण आवाज तोच.
तपनदा माझ्याकडे बघत राहिला. चारचौघांत नवऱ्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे आईने शिकवलं नव्हतं, करून दाखवलं होतं. मी म्हटलं, "साहब बोल रहे हैं, वैसाच करो."
खरं लिहू? आईचं नुसतं निमित्त. दोन वर्षांनी मला माझा नवरा दिसला होता. तो मला आणखी दहा मिनिटं हवा होता.

९ नोव्हें., रवि.
गाडी लोण्यासारखी. हिसका नाही, काही नाही. हे खूश. तपनदाला मनातल्या मनात वेडावून दाखवलं. मुक्तालाही सांगितलं, बाबांचंच बरोबर निघालं बघ.

१२ नोव्हें., बुध.
तारातलाच्या पुलाच्या चढावर इंजिन नुसतं ओरडलं, गाडी पुढे जाईना. मग मागे घसरायला लागली. हँडब्रेक ओढला. मागून हॉर्नवर हॉर्न. हे, "ही कुठली जागा? तू कोण?" तीनदा विचारलं. रस्त्यावरच्या चौघांनी ढकलून गाडी बाजूला घेतली.
"तू कोण" आज पहिल्यांदा.

१३ नोव्हें., गुरु.
तपनदाने गाडी ओढून नेली. पुढचा एकही गिअर पकडत नाही, रिव्हर्स तेवढा शाबूत. आतल्या प्लेटा कधीच्याच झिजल्या होत्या, जुन्या ऑइलमधल्या गाळाच्या आधाराने कशाबशा पकडत होत्या. तो गाळच आपण धुऊन काढला. "मैंने बोला था, बौदी." रागाने नाही. हो रे बाबा, बोलला होतास.
या मॉडेलचे सुटे भाग येत नाहीत. मल्लिक बाजारात भंगारातल्या गाडीचा कुणी काढून ठेवलेला गिअरबॉक्स मिळतो का बघतो म्हणाला. म्हणताना माझ्याकडे बघत मात्र नव्हता.
पाचला चपला. पायीच निघालो. गल्लीच्या टोकाशी फुटपाथवर बसले ते उठेनात. मिठाईच्या दुकानातल्या दोघांनी धरून घरी आणलं.

१५ नोव्हें., शनि.
गाडी गेल्यापासूनच्या तिन्ही संध्याकाळी वाईट. काल दाराची कडी उपटली, मी मध्ये गेले तर मला ढकललं. मनगट सुजलंय. यांना आठवत नाही. सकाळी विचारतात, "काय गं, लागलं कुठे?"
मुक्ताने शेवटी शब्द काढलाच. सॉल्ट लेकला एक संस्था आहे म्हणे, अशा माणसांना ठेवून घेतात. एक खोली रिकामी आहे, सोमवारपर्यंत कळवायचं. मी फोन आपटला. मग चष्मा शोधून तिने पाठवलेले फोटो बघितले. चारदा बघितले. लाज वाटते.

१७ नोव्हें., सोम.
तपनदाला दोनदा फोन केला. मल्लिक बाजारात अजून काही नाही. "देख रहा हूँ."
दुपारी हे बाल्कनीत बसले होते. आज डोकं एकदम स्वच्छ, कधी कधी होतं तसं. खाली बघून म्हणाले, "गाडी कुठाय?"
सांगितलं. ऑइल बदललं आणि गिअरबॉक्स गेला.
"इतक्या जुन्या गाडीचं? सगळं काढलं?"
हो.
"मशीन लावून? कुठल्या गाढवाने सांगितलं?"
तपनदाचं नाव घेता आलं असतं. खरं काय तेही सांगता आलं असतं. तोंडावर आलंही होतं.
"मी," म्हटलं.
रागावले नाहीत. हात हातात घेतला, सुजलेला. "अगं नलू, मला विचारायचं तरी."
पुढच्या वेळी विचारीन म्हटलं.
मुक्ताला अजून काही कळवलेलं नाही. सव्वाचार वाजलेत.