नळावरचा पुढारी आणि वाडीची किल्ली

सरावली, खोली नंबर नऊ
(तारीख टाकत नाही, पत्र किती दिवस चालेल सांगता येत नाही.)

तीर्थरूप नरहरीमामांना प्रीतमचा वाकून नमस्कार. वाकून म्हणजे अगदी खरोखरच, कारण खोलीत टेबल नाही आणि हे पत्र मी पिठाच्या डब्यावर लिहितोय. तुमचा गुडघा कसा आहे? रूपलमामीची पाठ? उमरोळीला या वर्षी चिकूला बहर चांगला आला असं मनीष सांगत होता, पण मनीषला आंब्याच्या झाडावरही चिकू दिसतात, तेव्हा तुम्हीच कळवा. इकडे मी, मनीष आणि आमचा गॅसचा शेगडीवाला तिघेही ठीक आहोत (शेगडीवाला आमच्यात राहत नाही, पण इतक्या वेळा येतो की त्याला वगळणं बरं दिसत नाही).

दिवाळीत तुम्ही म्हणालात, "फोनवर तू फार गोड बोलतोस. काय ते लिहून पाठव. लिहिताना हात दुखला की माणूस खोटं कमी बोलतो." म्हणून हे पत्र. हात दुखायला लागलाय, तेव्हा आता खऱ्याकडे वळतो.

तुमची अट मी विसरलेलो नाही. चार महिने एका जागी टिकायचं, दहा-पंधरा माणसांच्या उपयोगी पडून दाखवायचं, मग पंपाच्या खोलीची किल्ली माझ्या हातात आणि चिकूची वाडी मी बघायची. नाही जमलं तर सोळा तारखेला वाडी वसईच्या पार्टीला करारावर. अट कडक आहे, पण माझा इतिहास बघता रास्त आहे. तारापूरच्या कापड कारखान्यात मी एकोणीस दिवस टिकलो. केळव्याच्या किनाऱ्यावर लोकांना घोड्यावर फिरवायचं काम नऊ दिवस केलं (त्यातले चार दिवस घोडाच मला फिरवत होता). बोईसर स्टेशनबाहेर मोबाईलची कव्हरं विकली, तेव्हा माझ्याकडे ज्या मोबाईलची कव्हरं होती ते मोबाईल गावात कुणाकडेच नव्हते. हे सगळं तुम्हाला माहीत आहे. नसेल तर आता झालं.

तर या वेळी मी पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कंपनीत लागलो आणि मनीषच्या खोलीत राहायला आलो. आमच्या चाळीत चौदा खोल्या आणि एक नळ. मालकाच्या टाकीतून सकाळी पावणेसहाला पाणी सुटतं ते साडेसहापर्यंत. चाळीतले सगळे कारखान्यात, कुणी फर्स्टला, कुणी सेकंडला, कुणी थर्डला, आणि दर सोमवारी पाळ्या बदलतात. एवढ्या गोंधळात गेली अकरा वर्षं नळ चालवते ती शैलाकाकी. जतकडची आहे, नवरा पॉवर प्लँटला कॉन्ट्रॅक्टवर. ती कधी ओरडत नाही, नाव घेत नाही, रांगही लावत नाही. नळाजवळ बादल्या असतात आणि जो उभा असेल तो सगळ्यांच्या भरतो. मला वाटलं, याला काय व्यवस्था म्हणायची? ही तर नुसती सवय झाली.

आता इथे भाग्येश सर येतात. पालघरला एका हॉलमध्ये दोन दिवसांचं मोफत शिबीर होतं, 'नेतृत्व आणि बदल' नावाचं, उपमा आणि चहासकट. मी उपम्यासाठी गेलो होतो, खोटं कशाला लिहू. पण सर असे बोलले की उपमा थंड झाला तरी मला कळलं नाही. त्यांनी आम्हा चाळीस जणांना गोल बसवून सुतळीचा गुंडा एकमेकांकडे फेकायला लावला, म्हणजे माणसं कशी जोडली जातात ते कळतं म्हणे. आम्ही इतके जोडले गेलो की शेवटी हॉलच्या शिपायाने कात्री आणून आम्हाला सोडवलं. सरांनी शेवटी विचारलं, "उद्या सकाळी तुम्ही काय बदलणार?" मी तिथल्या तिथे ठरवलं. नळ.

मामा, खरं तर तेव्हा मला आपल्या घरची चूल आठवायला हवी होती. कौलं बदलली त्या वर्षी तुम्ही मामीला न विचारता चूल दुसऱ्या भिंतीला नेलीत. मामी आठ दिवस सवयीने जुन्या भिंतीकडे वळायची, मग हसून परत फिरायची. नवव्या दिवशी तुम्ही बोईसरच्या बाजाराला गेलात आणि परत आलात तर चूल होती तिथे. त्या संध्याकाळी तुम्ही 'आज भाकरी चांगली झालीय' एवढंच म्हणालात. घरातल्या बदलाबद्दल मला जे काय शिकायचं होतं ते तिथे शिकून झालं होतं, पण मला त्याचं सर्टिफिकेट मिळालं नव्हतं, त्यामुळे लक्षात राहिलं नाही.

मी यादी केली. बुधवारी प्रत्येक खोलीत जाऊन पाळी विचारली, फर्स्टवाल्यांना पहिले नंबर, मग इतर, आणि तीन नियम. नियम तिसरा: आपला नंबर आल्यावर स्वतः उभं राहावं, दुसऱ्याचं पाणी कुणी भरू नये. यादी लॅमिनेट केली आणि नळाच्या वर खिळ्याला लटकवली. खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'नळप्रमुख: प्रीतम'. शैलाकाकीने ती वाचली, पदर खोचला आणि म्हणाली, "बरं झालं बाबा, मला तेवढाच आराम." गुरुवार, शुक्रवार, शनिवार यादी अशी चालली की मी भाग्येश सरांना फोटो पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला.

आणि सोमवार उजाडला. (तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या आलं नव्हतं.) यादीत पहिला नंबर खोली चारचा, पण खोली चार आता रविवार रात्रीपासून थर्डला, म्हणजे अजून कारखान्यातच. आल्याशिवाय पुढे जायचं नाही असा नियम मीच केलेला. नळ बंद करून सगळे खोली चारवाल्याची वाट बघत उभे. खरे फर्स्टवाले नंबर अकरा आणि तेराला, ते घड्याळाकडे बघतायत. मग आवाज चढले, बादल्या वाजल्या, आणि कुणीतरी नळ सोडेपर्यंत साडेसहा. शैलाकाकी पायरीवर लसूण सोलत बसली होती. तिची बादलीही रिकामीच होती, पण तिने एकदाही वर बघितलं नाही. ते न बघणं मला जास्त लागलं.

खरी वाट लागली देवूची. देवू मनोरच्या पुढच्या पाड्यावरचा, रंगाच्या कारखान्यात आहे, आणि त्या सोमवारपासून त्याची थर्ड लागली की सकाळी जांभळा होऊन येतो. एरवी अशा वेळी शैलाकाकीने त्याच्या दोन बादल्या भरून दाराशी ठेवलेल्या असतात. त्या दिवशी नव्हत्या, आणि त्याच दिवशी दहा वाजता मुलीकडचे त्याला बघायला येणार होते. त्याने पिण्याच्या हंड्यातल्या पाण्याने तोंड पुसलं, त्याने रंग गेला नाही, नुसता पसरला. मुलीचा काका एक कप चहा पिऊन, बिस्किटांना हात न लावता उठला. देवू माझ्या दारात येऊन उभा राहिला, "मी काय जांभूळ हाय का रे? आमी तुजं काय वाकडं केलं? अकरा वरसात कदी असं झालं नाय." त्या दुपारी चाळीची मीटिंग झाली आणि मनीषला सांगण्यात आलं की पाहुण्याने आठवड्यात दुसरीकडे सोय बघावी.

मामा, मी बॅग भरली. बोईसर स्टेशनला गेलो, वापीचं तिकीट काढलं आणि बाकावर बसलो. गाडी आली. मी उठलो नाही, कारण डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: ती यादी अजून भिंतीवर आहे आणि तिच्याखाली माझं नाव आहे. मी वापीला पोचेन, तिथून सुरतेला जाईन, आणि इथे रोज सकाळी चौदा खोल्या माझं नाव वाचून दात घासतील. आजवर मी अनेक ठिकाणं सोडली, पण मागे लॅमिनेट केलेलं काही ठेवलं नव्हतं. गाडी गेली. मी चालत परत आलो, यादी काढली आणि शैलाकाकीसमोर उभा राहून म्हणालो, "काकी, मला शिकव."

"काय रं पुढारी, गाडी चुकली व्हय?" एवढंच म्हणाली. मग तिने चाळीकडून माझी मुदत वाढवून घेतली आणि अट घातली: पंधरा दिवस फक्त सगळ्यांचं पाणी भरायचं आणि तोंड उघडायचं नाही. (पंधरा दिवस! तुमच्या चार महिन्यांपेक्षा हे जड गेलं.) तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की पाणी यायच्या आधी ती चाळीतून एक फेरी मारते आणि दारं नाही बघत, दाराबाहेरचे सेफ्टी बूट बघते. बूट नाहीत म्हणजे माणूस थर्डला, त्याचं पाणी भरून दाराशी ठेवायचं. बुटांवर मोजे पसरलेले म्हणजे फर्स्टवाला निघायच्या तयारीत, त्याची बादली पुढे. मोजे बुटात कोंबलेले म्हणजे सेकंडवाला झोपलाय, त्याला उठवायचं नाही. अकरा वर्षं ही बाई रोज चौदा खोल्यांची खबर घेते आणि कुणाला कळतही नाही. मी मात्र एकदा विचारलं आणि लॅमिनेट करून टाकलं.

सोळाव्या दिवशी तिने बोलायची परवानगी दिली. मी एकच सुचवलं: शेवटच्या खोलीतल्या वामनतात्यांना पाठीचा त्रास आहे, त्यांच्यापर्यंत पाईप ओढूया. शैलाकाकी म्हणाली, आधी सगळ्यांना विचार. मी विचारलं, फक्त जागे असलेल्यांना. पाईप लागला आणि तो बसवायला देवूही आला. त्याच्याबरोबर मी मुलीकडे गेलो आणि काकांसमोर त्याचे हात साबणाने धुऊन दाखवले. काका अजून विचार करतोय, पण या वेळी त्याने बिस्कीट खाल्लं. चाळीने माझी मुदत रद्द केली.

तेव्हा मामा, पंधरा तारखेला चार महिने पुरे होतात. अट पाळली आहे. किल्लीवर माझा हक्क झाला असं मी नम्रपणे मांडतो. मामीला नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक (या वेळी तपासून बघा),
प्रीतम

ता. क.: पत्र मनीष आणून देईल. तो म्हणेल की मी स्टेशनवर रडत होतो. मी तोंड धुतलं होतं. तिथे पाणी मुबलक होतं, म्हणून जरा जास्त वेळ धुतलं.

ता. क. दुसरा: ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते वरती लिहिलंच नाही. शैलाकाकीच्या मुलीचं बाळंतपण आहे, म्हणून काकी चौदाला महिनाभर गावी जातेय. काल तिने विचारलं, "नळ बघशील ना रं?" आणि मी विचार करायच्या आत 'हो' म्हणून बसलो. नंतर विचार केला, तरी 'हो'च आलं. त्यामुळे पंधराला मला किल्ली घ्यायला येता येणार नाही. वाडी एक महिना थांबवता येईल का? वसईवाला थांबणार नाही हे मला माहीत आहे. थांबला नाही तर वाडी त्याला द्या, मी राग धरणार नाही. काकी परत आली की मी उमरोळीला येईन आणि त्याच्याकडेच तुमच्या झाडांवर कामाला लागेन, तो ठेवेल त्या कामावर. पण त्याआधी नाही.

ता. क. तिसरा: उत्तर लिहूनच पाठवा. पत्ता वरचाच. बदलणार नाही.