‘मनूचा झोका’ आणि मागची कोरी पानं

मी, सांडू अप्पाराव निकम, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा आधी पुस्तकबांधणी व नंतर वाचनालय, राहणार हडको एन-११, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने, कोणाच्या दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी अक्कल ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला आणि शंभरातून सात-सात वजा करायला लावले. वजाबाकी एकदा चुकली होती. दाखल्यात ते आलेलं नाही, म्हणून मीच इथे सांगून ठेवतो. नंतर कोणी उकरून काढायला नको.

वकिलांनी छापील मसुदा दिला होता. त्यात माझं सगळं दीड पानात बसलं. ते बघून मला रात्रभर बरं वाटलं नाही, म्हणून स्वतःच्या हाताने लिहितो आहे. शिक्षण चौथी पास. लिहायला तेरा दिवस लागले.

कलम १. घर. दोन खोल्या, पुढची पत्र्याची खोली आणि वरची टाकी ही माझी स्वकष्टाची मिळकत आहे. ती माझ्यामागे माझा मुलगा गोकुळ याला मिळावी. पुढच्या खोलीत आज वाचनालय आहे. तिथे मोबाइलचं दुकान काढायचं त्याच्या मनात आहे. आधी मी नाही म्हणत होतो, आता म्हणत नाही. खुशाल काढावं. फक्त पश्चिमेच्या कोपऱ्यात पत्रा गळतो, तिथे फोन ठेवू नयेत. टाकी भरली की मोटार बंद करावी. आणि पाण्याचे ड्रम विकू नयेत. नळाला रोज पाणी येईल असं कोणी कितीही सांगितलं तरी विकू नयेत.

कलम २. बँकेतली ठेव निम्मी गोकुळला आणि निम्मी सून सोनिया हिला, तिच्या एकटीच्या नावावर. ‘एकटीच्या’ हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे. माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला ती रजा टाकून आली होती. गोकुळची कंपनीत शिफ्ट होती. शिफ्ट असेलही.

कलम ३. हत्यारं. पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, दोन दाभणं, मोठी कात्री आणि खळ शिजवायचं पातेलं. औरंगपुऱ्यातल्या एका छापखान्यात मी सव्वीस वर्षं बांधणीचं काम केलं. पुस्तक हातात घेतलं की कागद कुठल्या जातीचा आणि शिवण किती वर्षं धरेल, हे मला डोळे मिटून सांगता यायचं. पुस्तकाच्या आत काय आहे, हे मात्र मला कोणी विचारलं नाही आणि मीही कधी बघितलं नाही. हत्यारं ज्याला हवी त्याला द्यावीत. शिकंजा दोघांनी उचलावा. माझी पाठ त्यानेच गेली.

कलम ४. वाचनालय. छापखाना बंद पडल्यावर माझ्या हातात हिशेब चुकता म्हणून पैशांऐवजी नऊ पोती न विकलेली पुस्तकं पडली. माझी बायको गीताबाई, आता हयात नाही, ती म्हणाली, “रद्दीत कशाला घालता? भाड्यानं द्या लोकायला.” तिच्याच नावाने मी गीता वाचनालय काढलं. पहिली दोन वर्षं लोक पोथ्या मागायला यायचे.

पोथ्या नव्हत्या. तीन कप्पे होते. खाली लहान मुलांचं, मधे सातवी ते बारावीच्या पोरापोरींचं, आणि वर भुताखेतांचं, जिथे लहानांचा हात पोचणार नाही. प्रत्येक पुस्तक मी नव्याने शिवायचो आणि शेवटी चार कोरी पानं जोडायचो. वाचणाऱ्याने परत करताना त्या पानांवर पुस्तक कसं वाटलं ते लिहायचं. लिहिल्याशिवाय पुढचं पुस्तक नाही. हा नियम मी एकोणतीस वर्षं पाळला. कलेक्टर कचेरीतल्या साहेबालाही सोडलं नाही.

लोक काय काय लिहायचे. खालच्या कप्प्यात एका पोराने लिहिलं आहे, “पुस्तक चांगलं आहे पण हत्ती उगाच मेला.” मधल्या कप्प्यात, “यातली आई आमच्या आईसारखीच बोलते म्हणून अर्धं सोडलं.” वरच्या कप्प्यात एका रिक्षावाल्याने, “भीती वाटली नाही. यापेक्षा घरमालकाची वाटते.” मी हे सगळे अभिप्राय संध्याकाळी बोट ठेवून वाचायचो. दोन-तीन ओळी मला जमतात.

आता जे गीताबाईशिवाय कोणाला माहीत नाही ते लिहितो. या तीन हजार पुस्तकांपैकी मी एकही वाचलेलं नव्हतं. जोडाक्षरं आली की माझा दम जायचा, चौथ्या पानावर पहिलं पान विसरायचो. गिऱ्हाईक यायचं, म्हणायचं, “निकमकाका, पोराला काहीतरी हसायचं द्या.” मी मागच्या पानांवर जे वाचलेलं असेल तेच माझं मत म्हणून सांगायचो. “हे न्या, शेवट फार गोड आहे.” लोकांना वाटायचं म्हाताऱ्याने सगळं वाचून काढलंय. एका शाळेने मला वाचनदिनाला पाहुणा म्हणून बोलावून नारळ दिला. तो नारळ घरी आल्यावर मला फोडवला नाही.

कलम ५. तात्यासाहेब, निवृत्त मुख्याध्यापक, आमचे पहिल्या वर्षापासूनचे सभासद. हे लोकांचे अभिप्राय लाल पेनाने दुरुस्त करतात. हत्तीच्या अभिप्रायाखालीही त्यांनी ‘अयोग्य शब्दयोजना’ असं लिहून ठेवलं आहे. मी तीनदा विनंती केली. तरी त्यांना माझ्यामागे कोणतीही दोन पुस्तकं मिळावीत. लाल पेन मात्र त्यांनी घरी ठेवून यावं. त्यांच्यावर माझा याहून मोठा राग होता, पण कलम ६ लिहून झाल्यावर तो मला धरवेना.

कलम ६. हे कलम मिळकतीचं नाही.

सन २०१०. जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात एक पातळ पुस्तक आलं, ‘मनूचा झोका’. वरचं चित्र फाटलेलं होतं. कुठल्या कप्प्यात घालावं ते कळेना, म्हणून टेबलावर ठेवलं. आमच्याच गल्लीतली सुलेखा तेव्हा आठवीत होती. ती मिळेल ते वाचायची, म्हणून तिला दिलं. तिने मागे लिहिलं, “मनू मला खूप आवडली. तिला एकटीला करमत नाही म्हणून ती सगळ्यांना झोक्यावर खेळायला बोलावते. शेवटी मला रडू आलं.” मी या तीन ओळी वाचल्या आणि पुस्तक खालच्या कप्प्यात, लहान मुलांत ठेवलं.

तिथून ते दीपमालाने नेलं. शिवणकाम करणाऱ्या पारूबाईची मुलगी, वय आठ. मनू मेलेली आहे आणि झोक्यावर बसलेली पोरं घरी परत येत नाहीत, हे त्या पुस्तकात पुढे आहे. दीपमाला तापाने फणफणली. बागेवरून शाळेचा रस्ता होता, तिथे झोके होते. ती शाळेत जाईना.

पाचव्या दिवशी संध्याकाळी पारूबाई पुस्तक घेऊन आली. खोली भरलेली होती. तात्यासाहेब खुर्चीवर, आणि सुलेखा पुस्तक बदलायला आलेली.

“ओ निकमभाऊ, हे असलं देता व्हय लेकरायला? पोरगी आंधारात पाय ठेवीना माझी. तुम्ही वाचलं व्हतं का हे?”

एवढाच प्रश्न होता. नाही म्हणायला एक शब्द लागला असता. मी म्हणालो, “वाचल्याशिवाय देतो का मी? पण सगळी पुस्तकं ध्यानात राहत नाहीत. या सुलेखानं खोटा अभिप्राय लिहिला, त्यानं घोटाळा झाला.”

सुलेखा म्हणाली, “काका, मी खोटं नाय लिहिलं. मला खरंच रडू आलं. तुम्ही शेवटचं पान बघा ना.”

मी शेवटचं पान बघितलं नाही. सगळ्यांसमोर वाचायला बसलो असतो तर माझं वाचणं सगळ्यांना दिसलं असतं. मी तिचं कार्ड घेतलं आणि फाडलं. “खोटारड्या पोरींना इथं पुस्तक नाही,” असं म्हणालो. पारूबाई तिला म्हणाली, “तुला काई लाज?” तात्यासाहेब म्हणाले, “भुताची पुस्तकं वाचणाऱ्या मुली पुढे अशाच निघतात.” सुलेखाने हातातलं पुस्तक टेबलावर सरळ ठेवलं, कोपरा न दुमडता, आणि गेली. परत आली नाही. तिचे वडील नंतर कन्नडला राहायला गेले.

या उन्हाळ्यात डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर मी ‘मनूचा झोका’ वाचलं. एकशे बारा पानं, बावीस दिवस. आयुष्यात पुरं वाचलेलं हे माझं एकच पुस्तक. शेवटच्या पानावर मनू झोक्यावरून उतरते आणि स्वतःच्या आईच्या दारात उभी राहते, आणि आईला ती दिसत नाही. मलाही रडू आलं. पोरीने अक्षर न अक्षर खरं लिहिलं होतं. फक्त ते कळायला पुस्तक वाचावं लागत होतं.

कलम ७. सप्टेंबरात मी एसटीने कन्नडला गेलो. सुलेखा तिथे शाळेत शिक्षिका आहे. मधल्या सुटीत तिने मला मुलांच्या बाकावर बसवलं आणि चहा मागवला. मी म्हणालो, “वाचनालयातली सगळी पुस्तकं तुझ्या नावावर लिहून ठेवतो. आणि तू खरी होतीस, हेही मृत्युपत्रात लिहितो.”

ती म्हणाली, “काका, मी पोरांना पुस्तक कसं वाटलं ते तोंडी विचारते. लिहा म्हणत नाय. लिहिलेलं अंगावर येतं, हे मला तुमच्याकडं कळलं.”

“मग काय करू, सांग.”

“खोटारडी म्हणालात ते चारचौघांत. खरी म्हणणार ते मेल्यावर, कागदात. मेलेल्या माणसाला कोणी उलटं विचारू शकतं का?” मग घंटा झाली. ती उठली आणि म्हणाली, “चहा गार होतोय, काका.”

परत येताना मी हे मृत्युपत्र करूच नये असं ठरवलं. मग पिशोर फाट्याच्या पुढे ठरवलं की करावं. घरी येऊन पुन्हा भीती वाटली. ही भीती मेल्यावरच जाईल, आणि ती म्हणते तसं मेल्यावर उपयोग नाही.

म्हणून असं लिहितो. वाचनालयातली सर्व पुस्तकं, मागच्या पानांसकट, सुलेखाला मिळावीत. पण कलम ६ मी माझ्या तोंडाने, उभं राहून, त्या दिवशीच्या माणसांसमोर वाचून दाखवलं असेल तरच. नाही दाखवलं तर या मृत्युपत्रातलं तिचं नाव वापरायचा मला हक्क नाही, आणि पुस्तकं गोकुळने कोणत्याही शाळेला द्यावीत. ती नको म्हणाली तरी तसंच. तिला दोनदा विचारू नये.

कलम ८. साक्षीदार. या कामाला मी पारूबाई आणि तात्यासाहेब यांना बोलावलं आहे. वकील म्हणाले, सही करताना बघितलं की पुरे, साक्षीदारांना मजकूर माहीत असायची गरज नसते. मला गरज आहे.

सहीपूर्वीची नोंद, याच हाताने, सहीच्याच दिवशी.

आज रविवारी सकाळी अकरा वाजता पुढच्या खोलीत मी कलम ६ वाचलं. नऊ माणसं होती. सुलेखाला फोनवर कळवलं होतं. ती कन्नडहून आली आणि दारात उभी राहिली, आत आली नाही. मी तीन ठिकाणी अडखळलो. कोणी मदत केली नाही, ते बरं झालं.

वाचून झाल्यावर तात्यासाहेब खुर्चीवरून उठले. मग म्हणाले, “निकम, माझंही एक वाक्य आहे त्यात.” मी म्हणालो, आहे. ते म्हणाले, “राहू द्या. खोडू नका.”

पारूबाई सुलेखाकडे वळली. “बाई गं, मीबी बोलले व्हते तुला. घरी गेल्यावर लई वाईट वाटलं. पर उद्या बोलू, उद्या बोलू म्हणता तुम्ही गाव सोडलं.”

सुलेखा म्हणाली, “मावशी, दीपा कशी आहे? वाचते का काही?”

“वाचती की! पुण्याला नोकरीला हाये. दिवसभर फोनवर वाचती, अन् सगळं भुताचंच वाचती मेली. सांगून थकले मी.”

तेव्हा सुलेखा हसली. तात्यासाहेबही हसले. मग ती आत आली, कप्प्यांकडे वरून खालपर्यंत बघितलं आणि मला विचारलं, “खोकी किती लागतील, काका?” मी ते मोजलं नव्हतं. गोकुळ म्हणाला, “चाळीस तरी. मी कंपनीतून आणतो.”

वरील मजकूर मी वाचला आहे, तो मला समजला आहे आणि तो खरा आहे.

सही : सांडू अप्पाराव निकम

साक्षीदार १ : पारूबाई, राहणार हडको एन-११. तेव्हाही हजर, आजही हजर. सही स्वतःच्या हाताने केली. अंगठा नको म्हणाल्या.

साक्षीदार २ : तात्यासाहेब, निवृत्त मुख्याध्यापक. निळ्या शाईने सही केली. दुरुस्ती काही सुचवली नाही.

ठिकाण : छत्रपती संभाजीनगर
दिनांक : १६ नोव्हेंबर २०२५, रविवार