माळावरचा चुन्याचा दगड

आत्या,

माळावरचा तो चुना लावलेला दगड मी उचलला होता. पटवाऱ्यानं मोजणीत घोळ केला नव्हता, आणि धनगराच्या डोळ्यांवरही झापड आलेली नव्हती. तू होतीस तोवर हे सांगायला माझी जीभ उचलली नाही, आणि आता तुला जाऊन बारा वर्षं झाल्यावर पोरीची जुनी वही पुढं घेऊन बसले आहे. झालं असं की आज सकाळी त्या धनगराचा लेक दारात आला. यंदा मेंढरं बसवायची का, म्हणून विचारायला. बापासारखाच काठी टेकवून, उंबऱ्याच्या बाहेर, अर्धं अंग उन्हात ठेवून उभा राहिला. त्याला चहा दिला, पण तो गेल्यावर दुपारपर्यंत घरातलं एक काम धड झालं नाही. म्हटलं, एकदा लिहून तरी टाकावं.

आपल्या नावावर पट्टा झाला तेव्हा मी या घरात येऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. तू माझ्या बापाची सख्खी बहीण. परकरात होते तेव्हापासून तुला अगंतुगं करणारी मी, लग्न झाल्यावर चार बायकांपुढं 'तुम्ही' म्हणायला लागले तर तू खो खो हसलीस आणि म्हणालीस, चुलीपुढं तू म्हण, पाटलीणबाईपुढं तुम्ही म्हण. तुझे मालक, म्हणजे माझे मामा, आधीच गेलेले. घरात तू, तुझा लेक आणि मी, एवढीच माणसं. सरकारनं गावाबाहेरच्या माळातली चार एकर दिली, तर लोक म्हणायचे, त्या मुरमावर बोराटीला काटासुद्धा धड येत न्हाई, तिथं ही म्हातारी काय पिकवणार. तुला वाचता येत नव्हतं. रोज चूल पेटवून झाली की तो कागद ट्रंकेतून काढून माझ्या हातात द्यायचीस आणि वाच म्हणायचीस. तुझं नाव आलं की पदर सावरून बसायचीस, जशी काही कुणी सभेत हाक मारली. पण त्यात खाली एक अट होती. येत्या पावसाळ्यात तहसिलीतला गिरदावर पाहणीला येईल, तेव्हा रानात पीक उभं दिसलं नाही तर पट्टा रद्द. ती ओळ मी वाचायला लागले की तुला नेमकं चुलीवरचं काहीतरी करपल्याचा वास यायचा.

आणि तुझा लेक तर पाटलाच्या घरी सालगडी. पाडव्याला एक साल संपतं आणि त्याच दिवशी दुसरं धरतात. मालक घोंगडी देतो, वहाणांचा जोड देतो, तो हातात घेतला की पुढल्या पाडव्यापर्यंत तो माणूस त्याचा. मग आपल्या रानात पेरायला माणूस कुठला? हे म्हणायचे, एवढं साल धरतो, घरात ज्वारी तर येती, फुडल्या साली बघू. आता कुणालाही सांगायला हरकत नाही, मीही मनातून त्यांच्याच बाजूची होते. मला चौथा महिना लागला होता. हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागायचं, असं मला वाटायचं. माझ्या माहेरी हुलसूरला तरी कुणाचं रान होतं? रान म्हणजे दुसऱ्याचं, तिथं जाऊन खुरपायचं आणि दिवस मावळला की परत यायचं, एवढंच मला ठाऊक.

पण तू सगळं आधीच ठरवून बसली होतीस. बैल सावडीवर मिळतील, आपण बैलवाल्यांच्या रानात राबायचं, त्यांनी आपलं रान नांगरून द्यायचं. तुरीचं आणि मुगाचं बी माझ्या बापाला मजुरीत मिळायचं, ते त्याच्याकडनं आणायचं. राहिलं खत. ते कुठून आणणार? आपल्या दावणीला एक शेळी, तिच्या लेंड्यांनी चार एकर काय खतावणार. तेव्हा तू ठरवलंस, धनगराची मेंढरं रानात आठ राती बसवायची. आणि त्याच्या बदल्यात त्याला एक पोतं ज्वारी द्यायची. आत्या, पाडव्यापुढच्या खाण्याला घरात दोनच पोती होती गं. त्यातलं एक तू मेंढरांच्या लेंडीवर उधळायला निघालीस, असंच मला त्या दिवशी वाटलं. मी भांडी जरा जास्तच आपटली. तू माझ्याजवळ येऊन बसलीस.

"पोरी, पोतंभर ज्वारी खाल्ली तर दोन महिन्यांत संपती. रानात घातली तर तुझ्या पोटातलं लेकरू म्हातारं होईस्तोवर खाईल. आता सांग, कामून भांडी आपटायलीस?"

मी भांडी खाली ठेवली. पण पटलं काही नाही.

रोज आपण दोघी माळावर दगड वेचायला जायचो. पाटी भरायची, वाटेकडच्या बांधावर नेऊन ओतायची. तू वरच्या अंगाला, मी खालच्या. एक दिवस उताराच्या पायथ्याला मला तो दगड दिसला, गुडघ्याएवढा, पांढराफेक चुना लावलेला. जमीन मोजली तेव्हा मी माहेरी होते, मला काय माहीत पटवारी दगडाला चुना लावून जातो म्हणून. मी आजवर चुन्याचे दगड पाहिले ते येळवशीला. आपल्या मुलखात त्या अमावस्येला लोक शेतात कडब्याची कोप घालतात, पाच दगडांना चुना लावतात आणि पांडव म्हणून पुजतात. बुद्धाच्या धम्माची दीक्षा घेतल्यापासून आपण ते सोडलं होतं. तुझं ठरलेलं होतं, येळवशीला भज्जी-अंबिल करायची, वाटेनं जाणाऱ्याला हाक मारून जेवू घालायचं, पण दगडापुढं वाकायचं न्हाई. मला वाटलं, कुण्या गुराख्यानं मांडलेला पांडव आपल्या रानात राहून गेलाय. म्हटलं, आपल्या रानात कशाला हा. पहारीनं हलवला, दोन्ही हातांनी उचलला आणि बांधावरच्या ढिगात नेऊन टाकला. इतकंच नाही, वर मनात फुशारकी, आत्याला कळलं तर शाबासकी देईल. मग त्याच्यावर आणखी पाट्या ओतायच्या नादात विसरूनही गेले.

धनगर यायच्या दोन दिवस आधी तू बी आणायला हुलसूरला गेलीस. जाताना वाटेत उभं राहून मला सांगितलंस, उताराच्या पायथ्याला माती जरा खोल आहे, मेंढरं तिथंच बसव, मात्र चुन्याच्या दगडाच्या अल्याड. पल्याड शेजारणीचं रान आहे. आत्या, तेव्हा कुठं मला कळलं, ढिगात टाकला तो पांडव नव्हता. तू तर पाठ फिरवून निघालीसुद्धा होतीस. पळत जाऊन सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. तुझं तोंड मला ठाऊक होतं. मी माळावर गेले, दगड उपसल्याचा खळगा शोधला, पण गेल्या दहा दिवसांत आपण एवढे दगड उपसले होते की सगळा माळ खळग्यांनी भरलेला. धनगर आला. आपल्याच घरातल्या थोरल्या भावासारखा माणूस, मी त्याला अण्णा म्हणायची. कन्नड आणि मराठी एकातच मिसळून बोलायचा. त्यानं विचारलं, "अक्का, हद्द कुठं हाय?" मी हात केला आणि म्हटलं, हितं. अंदाजानं. एवढ्या ठामपणे मी आयुष्यात दुसरं काही बोलले नसेन.

तू दोन दिवसांत येणार होतीस, पण माझ्या बापाला ताप आला म्हणून तिकडंच अडकलीस. परत आलीस तेव्हा आठही राती होऊन गेल्या होत्या. तू डोक्यावरचं बियाचं गाठोडं उतरवतेस, आणि तेवढ्यात शेजारची म्हातारी दारात येते. तिलाही आपल्यासारखाच पट्टा मिळालेला, मागंपुढं कुणी नाही. तुझे हात धरून म्हणते, "माझ्या रानात मेंढरं बसवलीस, लई पुण्य लागंल तुला." तू आधी हसलीस, तिला वेड लागलंय असं समजून. मग तशीच, तोंडावर पाणीसुद्धा न मारता, माळाकडं निघालीस. मी मागं मागं. अजून ते सगळं डोळ्यांपुढं आहे. तू दगड शोधतेस. इकडं बघतेस, तिकडं बघतेस. दगड नाही.

दुसऱ्या दिवशी पटवारी साखळी घेऊन आला. आठच्या आठ राती शेजारणीच्या रानात पडल्या होत्या. तू पटवाऱ्याला बोललीस, खुणेचा दगड नीट का पुरला नाहीस म्हणून. तो सरकारी माणूस, कागद गुंडाळून निघून गेला. मग उरला धनगर. वड्याचं तेल वांग्यावर. आख्ख्या माळाला ऐकू जाईल अशा आवाजात तू त्याला धुतलंस. जनावरं राखतोस आणि हद्द दिसत न्हाई, आंधळा हायस का, अर्धंच पोतं मिळंल, पाहिजे तर घे न्हाई तर चालायला लाग. काही बोलायच्या आधी त्यानं माझ्याकडं बघितलं. हद्द कुणी दाखवली ते त्याला माहीत होतं, मलाही माहीत होतं. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी. माझा चेहरा कसा दिसला असेल कोण जाणे. त्यानं मान खाली घातली.

"चुकलं असंल, माय," तो म्हणाला. "जाताना तीन राती तुझ्या रानात बसवून जातो."

आणि बसवल्या. अर्धं पोतं घेऊन, वर तीन राती फुकट बसवून तो गेला.

शेजारणीनं मात्र माणुसकी दाखवली. म्हणाली, खत तुमचं पडलंय, माझ्याकडं ना बैल ना माणूस, ती पट्टी यंदा तुम्हीच पेरा, मला वाटा द्या. एका दगडापायी आपल्याला चाराच्या जागी पाच एकर पेरायला मिळाली. तुझी कळी अशी खुलली की गावभर सांगत फिरलीस, आमच्या माळाला पाय फुटलेत, वाढत चाललाय म्हणून. पाडवा आला. तू कोपऱ्यातल्या ज्वारीपुढं जाऊन उभी राहिलीस. एक आख्खं पोतं आणि दुसरं अर्धं. दोन्हींत हात घालून बघितलंस. नुसत्या एका पोत्यावर एवढा मोठा जुगार खेळायला तूही धजली नसतीस, हे मी तुझ्या तोंडावर वाचलं. मग त्या अर्ध्या पोत्यावर हात ठेवून लेकाला म्हणालीस, "एवढ्यावर मुगापर्यंत जातंय. जा, पाटलाला सांगून ये." हे गेले. आपण दोघी दारातच बसून राहिलो. ते परत आले तेव्हा हात मोकळे, खांदा मोकळा. घोंगडी नाही, जोड नाही. अनवाणीच आले. वयाच्या बाराव्या वर्षापासून या माणसाचा पाडवा दुसऱ्याच्या वाड्यात जायचा. तू त्यांच्या पायावरची धूळ आपल्या पदरानं पुसलीस आणि रडायला लागलीस. मीही रडले, पण माझं रडणं निराळं होतं आत्या. ज्या अर्ध्या पोत्यावर आपण एवढी हिंमत केली, ते पोतं त्या बिचाऱ्या धनगराचं होतं.

पुढचं तुला माहीतच आहे. पोटाला चिमटा घेत श्रावण गाठला. मूग आला, त्यामागं तूर उभी राहिली. गिरदावर आला तेव्हा तू त्याला कंबरेएवढ्या तुरीतून मुद्दाम फिरवलंस, त्याच्या धोतराला चिखल लागेस्तोवर. पट्टा पक्का झाला. पोरगी झाली, तुझ्या मांडीवर वाढली, आता पुढल्या महिन्यात मास्तरीण व्हायला बिदरला जायची म्हणते. तिच्या राहण्याखाण्याचा खर्च यंदाच्या तुरीवर अवलंबून आहे. हे म्हणतात, मेंढरं-बिंढरं सोड, उधारीवर सरकारी खत आणू, लोक तेच करायलेत. विहिरीचंही मनात घ्यायलेत. भाव काय लागेल, पाऊस कसा होईल, कुणाला ठाऊक. पण खरं सांगू, मला भीती वाटत नाही. त्या वर्षीएवढी तर मुळीच नाही. धनगराच्या लेकाला मी सकाळीच सांगून टाकलं, आठ राती बसव, पोतं आधी घेऊन जा.

हे पत्र कुणाला दाखवायचं नाही. ह्यांना दाखवलं तर सगळ्या गावात हसं करतील. पोरगी वाचेल आणि म्हणेल, आई, शुद्धलेखन बघ. पट्ट्याच्या कागदाखाली ट्रंकेत ठेवून देईन, तुझं नाव आहे तिथंच.

आणखी एक राहिलंय. दुसऱ्या वर्षी तो धनगर आला, तेव्हा त्याला सकाळची भाकरी मी न्यायची, आठवतं? भाकरीखाली रोज शेर-दोन शेर ज्वारी असायची. पहिल्या दिवशी तो घेईना. म्हणाला, "आत्याला कळलं तर तुला हाकलंल." मी म्हटलं, घे, न्हाई तर मला अन्न गोड लागत न्हाई. असं करत करत चार सालांत त्याचं अर्धं पोतं मी फेडलं. आणि तू रोज पोत्यात हात घालून बघायचीस, उंदीर लागलेत म्हणून कपाळावर हात मारायचीस. शेवटी खटकचिंचोळीच्या तुझ्या मैत्रिणीकडून ती काळी मांजर आणलीस. वर्ष झालं तरी तिनं एक उंदीर धरला नाही, तर आयतखाऊ, निलाजरी, काय काय म्हणालीस तिला, आणि तरी रोज दूध घालायचीस. त्या मुक्या जिवाला फुकटची बोलणी बसली. घरात उंदीर नव्हतेच, आत्या.