जॅक्सनला वाचवायचं काम

प्रिय एनोस,

हे आपल्या चेरोकी अक्षरांत लिहिते आहे. तुरुंगातल्या शिपायाला वाटेल, कागदावरून कोंबडी चालत गेली. तुझ्या वकीलबाईंनाही वाचता येणार नाही. त्या फक्त तुझ्या हातात देतील. ही अक्षरं शिकताना किती कुरकुर केली होतीस. आता बस वाचत.

मी अजून अलाबामातच आहे, पेट्रोल पंपामागच्या मोटेलात. घरी, ओक्लाहोमात, टालेक्वात, तुझा उत्सव चाललाय. फेलिक्समामाने तुझ्या तोंडाचे शर्ट छापलेत. भेटेल त्याला सांगतो, "भाच्याने दोनशे वर्षांची खाज भागवली बघा." काल फोनवर म्हटलं, "मामा, मग तूच ये की इथल्या कोठडीत, खाज तर तुलाही आहे." तर म्हणाला, "गुडघे दुखतात गं माझे." हुतात्मा दुसऱ्याच्या घरचाच बरा. आई मात्र तो शर्ट घालत नाही. तुझ्यासाठी हिकरीच्या बिया कुटून कनूचीचे गोळे करते आणि कुणाला हात लावू देत नाही.

सेनापती जॅक्सनशी आपलं नातंच विचित्र. इथल्याच नदीच्या वळणावर, दोनशे वर्षांपूर्वी, तो क्रीक जमातीच्या लोकांना कापायला आला, तेव्हा आपलीच माणसं पोहत पलीकडे गेली, क्रीकांच्या होड्या पळवल्या आणि त्याला लढाई जिंकून दिली. ज्याने ही अक्षरं घडवली तोही त्याच्याच बाजूने लढला. पाणी लाल झालं. मेलेले मोजताना चूक नको म्हणून सैनिकांनी प्रेतांची नाकं कापली. आपल्यातल्या एकाने त्या दिवशी जॅक्सनचा जीव वाचवला असंही सांगतात. पुढे तोच जॅक्सन अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला आणि आपल्याला घराबाहेर काढायचा कायदा केला. वाटेत माणसं पुरत पुरत आपण ओक्लाहोमात आलो. आणि या गावची मंडळी दर मार्चमध्ये ती लढाई नदीकाठी खेळतात, नाकं वगळून. सोबत तळलेला मासा.

त्यात तुला काम मिळालं जॅक्सनला वाचवायचं. दर वर्षी सेनापती उताणा पडायचा, क्रीक सुरा उगारायचा, तू झेप घेऊन रबरी सोट्याने क्रीकाला मारायचास. ग्रेडी टॉल्बर्ट मोटारी विकायचा आणि या दिवसापुरता जॅक्सन व्हायचा. वाईट माणूस नव्हता, नुसता बडबड्या. या वर्षी पडल्या पडल्या म्हणाला, "लवकर वाचव रे बाबा, मासा गार होतोय." लोक हसले. तू क्रीकाला बाजूला ढकललंस. या वेळी रबरी सोटा गाडीतच होता. तुझ्या हातात होता तो हिकरीच्या लाकडाचा. पहिल्या फटक्याला जबडा मोडल्याचा आवाज मला पहिल्या रांगेत ऐकू आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्यालाही वाजवल्या. टोपी उडाली, एक डोळा दिसेनासा झाला, रक्ताच्या चुळा तोंडातून येऊ लागल्या, आणि भोंग्यावरचा माणूस सांगतच होता की सेनापती डगमगला नाही. त्याची बायको डार्लीन किंचाळत धावली तेव्हा कुठे टाळ्या थांबल्या. तू थांबला नव्हतास. चौघांनी ओढलं तुला.

सोमवारी तू न्यायाधीशासमोर आपल्या भाषेत बोलणार, दुभाषा येणार आहे. मामाला वाटतं छाती काढून सांगावंस. वकीलबाईंना वाटतं, काही आठवत नाही म्हणावंस. आपल्या क्रियापदाला दोन शेपट्या, एक डोळ्यांदेखत घडलेल्याची, दुसरी कानावर आलेल्याची. 'मी मारलं' आणि 'मी मारलं म्हणे'. तापाच्या भरात केलेल्याला आपण 'म्हणे' लावतो, त्याला कुणी खोटं म्हणत नाही. मीही तुला तेच सांगणार होते, की 'म्हणे' लाव आणि घरी ये. पण आज पहाटे ग्रेडी गेला. मी दवाखान्यात डार्लीनशेजारी बसले होते. मी कोण, हे तिला ठाऊक होतं; तरी तिने आपल्यातला अर्धा पाव मला दिला, आणि मी खाल्ला. आता हा खून आहे, एनोस. सरकारी वकिलाने मला साक्षीला बोलावलंय, आणि माझी पाळी तुझ्याआधी आहे. दुभाषा माझ्याही शेजारी असेल. मी डोळ्यांनी पाहिलंय, मला 'म्हणे' लावता येणार नाही. तिथे पहिल्यांदा माझ्या तोंडून ऐकू नयेस, म्हणून आजच लिहिलं.

तुझीच थोरली,
लिओटा