पट्ट्याचे सहा आठवडे

६ जानेवारी
झालं एकदाचं. पोटाला चार भोकं, तांदळाच्या दाण्याएवढी. त्यातून नळी घालून चरबी ओढून काढली. दीड लिटर! डॉक्टरांनी बरणीच समोर धरली. मी "बरं" म्हणाले. सिद्धेशनं तोंड फिरवलं. भोकांतून अजून लालसर पाणी झिरपतंय. आता सहा आठवडे हा घट्ट पट्टा, दिवसरात्र.

७ जानेवारी
कातडी बधिर आहे. चिमटा काढून पाहिला — काही नाही. सिस्टर म्हणाल्या, जाणीव येईल हळूहळू. मला घाई नाही.

९ जानेवारी
दोन वर्षांपूर्वी सहाव्या महिन्यात बाळ गेलं. पोट तेवढं राहिलं. तळवड्याच्या ऑफिसात नवीन आलेली दिव्या विचारते, "कितवा गं?" कॅबमध्ये कुणीतरी सरकून पुढची सीट देतं. मी थँक्यू म्हणते! म्हणून केलं हे. बारीक दिसायची हौस कधीच नव्हती मला. पण हे सांगत कुणाला बसू?

११ जानेवारी
सासूबाई आल्या, चाकणजवळच्या गावाहून, न कळवता. मी कपडे बदलत होते. त्यांनी पट्टा पाहिला, त्यावरचे डाग पाहिले, आणि पलंगावर बसल्याच. "पोट बांधलंय व्हय..." एवढंच. मी सांगायला तोंड उघडेपर्यंत त्या स्वयंपाकघरात.

त्यांना वाटतंय, पुन्हा गेलं.

१२ जानेवारी
सकाळीच डिंक तळल्याचा वास. हळिवाची खीर, शेपूची भाजी. माझ्या कानात कापूस, डोक्याला रुमाल. "गार पान्याला हात लावू नगंस." बाळंतिणीचं सगळं साग्रसंगीत! चरबी काढून आठवडा झाला नाही आणि मी तुपातले लाडू खातेय. हसू यायला हवं होतं. आलं नाही.

सिद्धेशला म्हटलं, तू सांग ना त्यांना. "करू दे गं," म्हणाला आणि शिफ्टला गेला.

१४ जानेवारी
तीन लाडू.

१५ जानेवारी
आज माझ्या पायांना तेल चोळत होत्या. मागच्या वेळी दोन दिवस राहून निघून गेल्या होत्या. मूल हाती नसेल तर त्यांच्या गावात बाळंतपण करत नाहीत म्हणे. फार राग होता मला त्याचा, अजून आहे. आणि आता खरं न सांगता त्यांच्याकडून हे करून घेतेय. लाज वाटते. उद्या सांगणार. मग त्या पिशवी उचलतील आणि पुन्हा माझं तोंड बघणार नाहीत.

१६ जानेवारी
सांगितलं. "आई, या वेळी काही गेलेलं नाही. पोटाची चरबी काढायचं ऑपरेशन केलंय मी."

त्यांचे हात लाडू वळतच राहिले.

"ठावं हाय मला. सिद्धेशनं मी आले त्याच दिशी सांगितलं. ह्ये मागल्या बाळाचं हाय, ऱ्हायलेलं."