पंप कोणाच्या खात्यात?

दि. ४ ऑक्टोबर

प्रिय वन्सं,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

हे सगळं फोनवर सांगता येत नाही. मी फोन लावला की तुमचे दादा शेजारी येऊन बसतात आणि माझी वाक्यं पुरी करतात. म्हणून पत्र.

आपला घर गरम ठेवणारा तळघरातला बॉयलर गेला. दुरुस्तीवाल्याने हात टेकले. म्हणाला, आता हीट पंप बसवा, हल्ली सगळे तोच बसवतात. मलाही पटलं. घोळ झाला तो नावात. पंप हा शब्द कानावर पडला आणि दादांच्या अंगात वारं शिरलं. उभी हयात पाणीपुरवठ्याच्या पंपहाउसमध्ये गेलेली. निवृत्त झाल्यापासून पडद्यांच्या रंगाबद्दलसुद्धा त्यांना कोणी विचारत नव्हतं. त्यांनी जाहीर केलं की पंप हे आपलं खातं आहे, इतरांनी लुडबुड करू नये.

कंपनीचा माणूस आला. टाय लावलेला, गोडबोल्या. दादांनी त्याला पहिलाच प्रश्न केला, हेड किती? पंप पाणी किती उंच चढवतो त्याला हेड म्हणतात, हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात शिकवण्यात आलं होतं. त्या बिचाऱ्याला कोण शिकवणार? त्याने हेड ऑफिसचा पत्ता दिला. दादांनी त्याला चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं.

आता पंपहाउसमधले त्यांचे दोन दोस्त, फिटर आणि मोटारवाले, रोज संध्याकाळी येतात आणि समिती बसते. समितीचं म्हणणं, एका पंपाच्या भरवशावर राहायचं नसतं. एक चालू, एक स्टँडबाय. म्हणजे दोन घ्यायचे, आणि दोन्ही कंपनीकडचे सर्वांत मोठे. चहाचं आधण मात्र अजून तरी एकच असतं.

मला खरी काळजी आईंची आहे. त्यांची खोली उत्तरेकडची. गेल्या हिवाळ्यासारखी छाती पुन्हा भरली तर जड जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. पंप बसेपर्यंत वन्संकडे जाऊन राहा म्हटलं, तर म्हणाल्या, मी इथून हलणार नाही. स्वेटरवर स्वेटर घालून बसल्या आहेत. दादा खोलीत आले की खोकला हटकून वाढतो. तुम्हीच काहीतरी मार्ग काढा.

लोभ आहेच, तो थंडीने गारठू देऊ नये, ही विनंती.

तुमची,
वहिनी


दि. १० ऑक्टोबर

ती. वहिनीस,

सा. न. वि. वि.

तुमचं पत्र शाळेच्या स्टाफरूममध्ये वाचलं, आणि हेड ऑफिसच्या जागी इतकी हसले की ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवावं लागलं. आमच्या मुख्याध्यापिका तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांच्या घरीही दादासारखंच कोणीतरी असावं.

पण आईचं वाचलं आणि हसू पळालं. तिच्यासाठी माझ्याकडे खोली तयार आहे. मला ती इथे हवी आहे, वहिनी. माझं लग्न झाल्यापासून ती सलग आठवडाभरसुद्धा माझ्याकडे राहिलेली नाही. पण हलणार नाही म्हणाली म्हणजे ती हलायची नाही, तेव्हा तिथेच ऊब यायला हवी.

एक शास्त्रीय माहिती देते. तुमच्या फ्रिजच्या मागे हात लावून बघा, गरम लागेल. फ्रिज आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून घरात आणतो. बाहेर गार असलं तरी हवेत थोडी उष्णता असतेच. यंत्र तेच, फक्त उलटं. थोडक्यात, हा उलटा फ्रिज आहे.

पंप हे दादाचं खातं, हे मान्य. पण आपल्या घरात फ्रिज कोणाच्या खात्यात येतो? मी काही सुचवत नाही. मी विज्ञानाची शिक्षिका, मी फक्त माहिती देते.

आईला नमस्कार. माझ्यावरचा लोभ आणि दादावरचा डोळा, दोन्ही ठेवा.

आपली,
चिमणी


दि. १९ ऑक्टोबर

चि. चिमणीस,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या वहिनीने जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. स्टाफरूमचा मजकूर तेवढा गाळला. तो मी नंतर वाचला.

आईने भाकरीचा तुकडा मोडता मोडता निकाल दिला, की फ्रिज असेल तर तो सुनेकडे. झालं. मंत्र्याकडेसुद्धा निदान राजीनामा मागतात. इथे वरण वाढता वाढता खातं काढून घेतलं. संध्याकाळी समितीला कळवलं. फ्रिजवर आपण मत देत नसतो, असं म्हणून फिटर उठला आणि चालू लागला. मोटारवाल्याने निदान चहा संपवला.

जे पाणी उचलत नाही त्याला पंप म्हणू देणाऱ्यांवर कारवाई व्हायला हवी, एवढंच माझं म्हणणं आहे.

तुला सांगायला हरकत नाही, मला वाईट वाटलं. पंपहाउस सुटल्यापासून पंपाबद्दल मला कोणी काही विचारलं नव्हतं. हे दिवस बरे गेले. सकाळी उठल्यावर डोक्यात काहीतरी काम असायचं. आईला थंडी वाजते हे मला दिसत नव्हतं असं समजू नकोस. तिच्यासाठीच चांगल्यातला चांगला बघत होतो, आणि त्यातच वेळ गेला.

लोभ आहे, पण सध्या जरा दुखावलेला आहे.

तुझा,
दादा


दि. २ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

पंप, म्हणजे फ्रिज, बसला. मी तो एका सकाळीत निवडला. फ्रिज घेताना जे विचारते तेच विचारलं. घरात माणसं किती त्याला पुरेल का, आवाज किती करतो, बिघडला तर तुमचा माणूस लगेच येतो की आठवडाभर फोनच घेत नाही? टायवाल्याला माझी भाषा कळली. त्याने सोबत इंजिनिअर आणला होता. त्याने भिंती, खिडक्या मापल्या आणि सांगितलं की सर्वांत मोठा घेतलात तर तो सारखा चालूबंद होऊन लवकर झिजेल, मधला पुरे. आईंच्या खिडकीच्या फटी मात्र आधी बुजवा. स्टँडबायचं नाव मी काढलं नाही.

बसवण्याच्या दिवशी दादा सकाळीच फिटरकडे निघून गेले. परत आले ते अंगणात बसवलेल्या पंपाच्या डब्याभोवती घिरट्या घालत राहिले. मग आत येऊन लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, त्याचं टोक डब्याला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. पंपहाउसमध्ये बेअरिंगचा आवाज असाच ऐकत असत म्हणे. बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, बरा आहे. मी म्हटलं, मला यातलं काही कळत नाही, तुम्हीच रोज ऐकून सांगत जा. आता रोज सकाळी मफलर गुंडाळून जातात. तपासायची काही गरज नाही, असं टायवाला फोनवर म्हणाला. ते या घरात पुन्हा बोलू नकोस, असं मी त्याला बजावलं आहे.

आईंची खोली छान उबदार झाली आहे. खोकलाही थांबला. तुमच्याकडे त्या आता या हिवाळ्यात येणार नाहीत, याचं तुमच्यासाठी वाईट वाटतं. रागावू नका.

जसा आहे तसाच लोभ चालू ठेवा, मध्ये बंद पडू देऊ नका.

तुमची,
वहिनी


दि. ५ नोव्हेंबर

चि. चिमणीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

शनिवारी सकाळच्या गाडीने तुझ्याकडे येते आहे. हिवाळाभर राहीन. इथलं माझं काम झालं.

तुझी वहिनी मला आधीच पाठवायला निघाली होती. पोर मायेची आहे, पण भोळी. मी निघाले असते तर तुझ्या दादाने ती समिती उन्हाळ्यापर्यंत चालवली असती. या घरात कोणीतरी कुडकुडत बसल्याशिवाय कुठलीही वस्तू आलेली नाही. तुझे वडील होते तेव्हाही ते काम माझ्याकडेच होतं. थंडी खरी होती, खोकला निम्मा.

तुझ्या बाल्कनीचं दार नीट लागत नाही आणि जावईबापू नुसते बघतो, बघतो म्हणतात, असं तू परवा फोनवर म्हणालीस. तेव्हा तयार केलेली खोली राहू दे. माझी कॉट त्या दाराशी टाक.

जावईबापूंना आशीर्वाद सांग. दाराबद्दल मी त्यांना एका शब्दाने बोलणार नाही, हेही सांग.

तुझी,
आई